आठ आकड्यांत अख्खा कार्यक्रम

व्हीसीआरवर टायमर लावायचा तर तारीख, वाहिनी, सुरुवातीची आणि शेवटची वेळ असं सगळं भरावं लागे. एक चूक झाली की कार्यक्रम हुकला. हेन्री युएन आणि डॅनियल क्वो यांच्या जेमस्टार कंपनीने १९९० मध्ये अमेरिकेत ‘व्हीसीआर प्लस’ आणून हा जाच संपवला. वर्तमानपत्रातल्या टीव्ही वेळापत्रकात प्रत्येक कार्यक्रमापुढे १ ते ८ अंकी संकेतांक छापलेला असे. तो दाबला की काम झालं! हीच पद्धत ब्रिटनमध्ये ‘व्हिडिओप्लस’, जर्मनीत ‘शोव्ह्यू’, तर जपानमध्ये ‘जी-कोड’ नावाने पोहोचली.

खरी हुशारी आकड्यांच्या लांबीत आहे. लोकप्रिय वेळांना आणि ठरावीक लांबीच्या कार्यक्रमांना छोटे संकेतांक, आडवेळेच्या कार्यक्रमांना लांबलचक. आकडे कसे बनतात हे मात्र कंपनीने गुप्त ठेवलं. १९९२ मध्ये केन शिरिफ, कर्ट वेल्च आणि अँड्र्यू किन्समन यांनी ‘क्रिप्टोलॉजिया’ या नियतकालिकात छोट्या संकेतांकांची उकल प्रसिद्ध केली. निव्वळ छापील आकड्यांवरून केलेलं हे काम आजही थक्क करतं.

एक उणीव होती: संकेतांकात फक्त छापील वेळ असे. सामना लांबून पुढचा कार्यक्रम उशिरा सुरू झाला, तर नुसत्या संकेतांकाला ते कळत नसे. त्यासाठी युरोपात प्रक्षेपणासोबतच वेगळा संदेश पाठवला जाई.