गंज थांबला, पण पाणी गेलं कुठे?

लोखंड गंजायला जे जे लागतं, ते कूलिंग टॉवर आयतं जमवून देतो. गरम पाणी वरून पडतं, त्यातून हवा वाहते आणि पाण्यात ऑक्सिजन मुरतो. काही पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र मागेच राहून फेरीगणिक वाढत जातात. अशा पाण्यात क्रोमेट घातलं की लोखंडावर लोह आणि क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर धरतो आणि गंज जवळपास थांबतो. धातूपुरतं पाहिलं तर इतका गुणी गंजरोधक शोधून सापडणं अवघड. पण धातूपुरतंच पाहणं ही मूळ चूक होती, कारण टॉवर म्हणजे काही बंद बाटली नव्हे. क्षार आवाक्यात ठेवायला थोडं पाणी सतत काढून टाकावं लागतं आणि थोडं तुषारांच्या रूपाने वाऱ्यावर जातं.

कॅलिफोर्नियातल्या हिंकलीत काढून टाकलेलं हे पाणी १९५२ ते १९६६ या काळात अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं गेलं. पीजी अँड ई कंपनीच्या गॅस कॉम्प्रेसर केंद्राचं ते पाणी. क्रोमेटमधलं सहा-संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं. ते भूजलात उतरलं आणि रहिवाशांनी भरलेल्या खटल्यात १९९६ साली कंपनीने ३३.३ कोटी डॉलरची तडजोड केली. (ज्युलिया रॉबर्ट्सचा ‘एरिन ब्रोकोविच’ हा चित्रपट याच खटल्यावरचा, पण हे सगळं पाइप गंजू नयेत म्हणून झालं, हे प्रेक्षकांच्या क्वचितच लक्षात राहतं.)

दोष तळ्यांचा, क्रोमेटचा नव्हे, असं कुणी म्हणेल. तळ्याला अस्तर घालता येतं, वाऱ्याला कसं घालणार? सहा-संयुजी क्रोमियम श्वासातून गेलं तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेने १९९० मध्ये इमारतींच्या वातानुकूलनाच्या टॉवरांत आणि १९९४ च्या नियमांनी औद्योगिक टॉवरांत क्रोमेट बंद केलं. मग मात्रा कमी करायची? एकटं क्रोमेट कमी पडलं की थराला भोकं राहतात, सारा गंज तिथेच एकवटतो आणि नळी आरपार जाते.

क्रोमेटऐवजी वापरलं जाणारं फॉस्फेट त्याच्या तोडीचं नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. कॅल्शियमशी जुळून ते हीट एक्स्चेंजरमध्ये पांढरा थर धरतं, म्हणून जोडीला पॉलिमर घालावं लागतं आणि पीएचवर सतत नजर ठेवावी लागते. पण या त्रासाचं बिल कारखान्याच्याच नावावर फाटतं, शेजारच्या विहिरीवर नाही. निदान तिथवर तरी. कारण पुढे नदीत गेलेलं फॉस्फेट शेवाळाला खत ठरतं, आणि सोबत घातलेलं जस्त माशांना विष.