थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंड राहते?

मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ साली आणि तिचे उत्पादन थांबले २०१४ मध्ये. ती आजही अनेक दारांत उभी दिसते, आणि तिच्याबरोबर एक समजूतही टिकून आहे: गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत तो लागतोच कशाला? हा सल्ला गाडीचे नुकसान करतो. रेडिएटरच्या वरून निघणारा जाड होज पाईप इंजिनाला जिथे मिळतो, तिथल्या झाकणाखाली बहुतेक जुन्या गाड्यांत हा छोटा वॉल्व्ह बसवलेला असतो. त्यातले मेण तापून फुगले, की साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडू लागतो आणि पाणी रेडिएटरकडे जाते. इंजिन लवकर तापावे आणि फार गार राहू नये, एवढेच त्याचे काम. ते जास्त तापू न देणे हे रेडिएटर, पंखा आणि वॉटर पंप यांच्याकडे असते. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश ऊन असले, तरी इंजिनाला हवे असलेले तापमान त्याच्या जवळपास दुप्पट आहे.

‘पण काढल्यावर तापमानाचा काटा खाली येतो की!’ येतो, आणि फसगत तिथेच होते. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना काटा खाली राहतो, पण रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतील तर त्या तशाच राहतात आणि खंबाटकी घाट चढताना गाडी पुन्हा उकळते. दरम्यान गार इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुतले जाते, रिंगा झिजतात, मायलेज घटते. वॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापते, हे खरे. पण ती शंका घरीच फिटते. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगावा आणि पाणी तापवावे. उकळी येईपर्यंत उघडला नाही तर नवा बसवावा. वेळेवर आणि पुरेसा उघडला तर दोष दुसरीकडे शोधावा.

शोधाची सुरुवात गाडी केव्हा तापते यावरून करावी. सिग्नलला उभी असताना तापून वेगात थंड होत असेल, तर संशय पंख्यावर: मोटर, फ्यूज किंवा तो सुरू करणारा स्विच. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरला, तर मोटर ठीक आणि स्विच खराब. उलट महामार्गावर तापत असेल तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिथे वाराच त्याचे काम करतो. तिथे चोक झालेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा थकलेला वॉटर पंप पाहावा.

साधे पाणी वर्षानुवर्षे चालले, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. बोअरच्या पाण्यातला क्षार आणि लोखंडाचा गंज नळ्यांत हळूहळू साचतो, आणि आपल्याकडे कूलंटचा खरा उपयोग तो गंज रोखण्याचा आहे. रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी बघतच नाही. महाबळेश्वरला उघडे पाणी ९५-९६ अंशांना उकळते. शाबूत रबराचे झाकण दाब धरून हा बिंदू वीसेक अंशांनी वर नेते. रबर कडक झाले की दाब सुटतो आणि बाकी सगळे निर्दोष असूनही पाणी उकळते. तापलेल्या इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. तोच दाब उकळते पाणी अंगावर फेकतो.

काट्यावर डोळे झाकून विसंबू नये. पाणी पूर्ण संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो, तेही इंजिन सीझ होण्याच्या बेतात असताना. आणि गाडी तापली म्हणजे हेड गॅस्केट उडालीच, असेही नाही. अनेकदा ती तापण्यामुळेच उडते. बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइलवर दुधाळ साय, रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे: यांतले काहीच नसेल, तर हेड उघडण्याआधी कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्यावी.