विचाराला पुरावा मागणारी वही

वहीच्या पानावर सहा रकाने आहेत. काय घडलं, मनात कोणता विचार आला, तो शंभरपैकी किती खरा वाटला, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा आणि शेवटी सगळं तोलून सुचलेला विचार. लखनऊच्या विकास नगरमध्ये, एका घराच्या वरच्या मजल्यावर माझं समुपदेशन चालतं ते याच पानाभोवती. खाली ई-रिक्षांचे हॉर्न वाजत असतात आणि समुपदेशक मॅडम शांतपणे विचारतात, "ये ख़याल ठीक किस वक़्त आया?"

मी गलाईवाल्याची मुलगी. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. आमचे अण्णाही विट्याजवळच्या गावातून इथल्या चौक भागात आले. मूस, भट्टी आणि तेजाबाचा धूर यांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. मी लखनऊतच शिकले, नोकरीला लागले. तरी इथे "आप लोग तो महाराष्ट्र के हैं" हे ऐकावं लागतं आणि यात्रेला गावी गेलं की "लखनऊवाली आली" हे. दोन्हीकडे पाहुणी असलेल्या मुलीला आपली जागा सतत सिद्ध करावीशी वाटते. ज्या धास्तीपायी मी समुपदेशनाला जाते, तिचं मूळ तिथे आहे.

पॉलीन क्लॅन्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांच्या अशाच भावनेवर लिहिलं. मिळालं ते नशिबाने, कधीतरी आपलं पितळ उघडं पडणार, ही ती भावना. हा आजार नव्हे, पण झोप उडवायला तेवढं पुरतं.

माझ्या वहीतलं एक पान असं. घटना : बैठकीत साहेबांनी एक आकडा विचारला, मला आठवला नाही. विचार : मला काही येत नाही, हे आता सगळ्यांना कळलं. खरा किती? ९०. बाजूचा पुरावा एका ओळीत संपला. विरुद्ध बाजूला मात्र वेळेत दिलेले अहवाल, माझ्याकडे शंका विचारायला येणारे सहकारी, झालेली पगारवाढ असं लिहीतच गेले. अण्णा सोन्याचा रंग बघून भाव ठरवत नाहीत, आधी कसोटीवर घासतात. मॅडम विचाराचं तेच करतात. ही पद्धत १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी घडवली. ते स्वतः पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू दांपत्याचे चिरंजीव.

सगळ्यात अवघड भाग पुढे असतो. मॅडम एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : समजा तसं झालं, तर त्याचा अर्थ काय? आकडा चुकला तर? साहेबांचा विश्वास उडेल. उडाला तर? नोकरी जाईल. गेली तर? इथवर हिंदीत बोलत होते, पुढचं उत्तर मराठीतच आलं : "अण्णांनी भट्टीपुढे काढलेला जन्म वाया जाईल." मॅडमना मी अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, हा हिशेब त्यांनी तुमच्याकडे कधी मागितला होता का?

तो प्रश्नच गृहपाठ झाला. रात्री जेवताना अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मला दुसरं काही येत नव्हतं म्हणून भट्टीवर बसलो बाळा. तुझ्यावर कसलं कर्ज?" मी ते चौथ्या-पाचव्या रकान्यांत नीट लिहून काढलं. तो विचार खरा वाटण्याचा आकडा ९० वरून ५५ वर आला. शून्यावर येणार नाही, यायची गरजही नाही. ५५ असताना माणूस बैठकीत बोलू शकतो. पुढच्या वेळी ठरवून म्हणाले, "देखकर बताती हूँ." सगळे हसतील असं भाकीत आधीच लिहून ठेवलं होतं. साहेब म्हणाले, "ठीक है, शाम तक भेज दीजिए," आणि पुढच्या विषयाकडे वळले.

समुपदेशनाने घरभाडं कमी होत नाही की परकेपणाचे टोमणे थांबत नाहीत. झोप-भूक गेली, मरणाचे विचार येऊ लागले तर मानसोपचारतज्ज्ञच गाठायला हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. २०२२ पासून टेली-मानस या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, आणि मराठीतही.

हे मी आमच्या गलाईवाल्या घरांसाठी मुद्दाम लिहिते आहे. परमुलखात आपण एकमेकांना दुकान मिळवून देतो, भांडवल उभं करून देतो, लग्नकार्याला धावतो. पोरं मात्र आईबापांच्या कष्टांचं ओझं मुकाट्याने वाहतात आणि त्यालाच संस्कार समजतात. गणेशोत्सवात मंडळं आरोग्य शिबिरं भरवतात, साखर आणि रक्तदाब तपासतात. त्याच मांडवात एक खुर्ची समुपदेशकाची ठेवा. पहिली दोन वर्षं कोणी फिरकलं नाही तरी ठेवा.