‘पुण्यात राहतो’ म्हणता, पण नक्की कुठे?

घरी फोनवर आपण सगळेच ‘पुण्यात असतो’ म्हणून सांगतो. आकुर्डीत कॉट बेसिसवर राहणारा, निगडीच्या होस्टेलवरची, भोसरीत काकाकडे उतरलेला... सगळे पुण्यातच! आईबाबांना तेवढं पुरतं. पण रूमच्या नळाला तीन दिवस पाणी नसेल, तर पुणे महापालिकेला फोन लावून काय होणार? बोपोडीचा हॅरिस पूल ओलांडून दापोडीत आलात, की महापालिका बदलली.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावं मिळून १९७० मध्ये इथे नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. तेव्हा रस्त्यावरचा बंद दिवा, न उचललेला कचरा, तुंबलेलं ड्रेनेज, सगळं हिच्या खात्यात. त्यासाठी ‘सारथी’ हेल्पलाइन आहे : ८८८८००६६६६. फोन केलात तर तक्रारीचा नंबर मागून घ्या, पुढे पाठपुरावा त्यावरच होतो. आणि रूम बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी पाण्याची टाकी केवढी ते विचारा. शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. वायफायचा स्पीड नंतर बघता येईल.

आजारी पडलात, तर संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महापालिकेचंच. रिक्षावाल्याला मात्र ‘वायसीएम’ म्हणा, पूर्ण नाव कुणी घेत नाही.

खरी गंमत पोलिसांची. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलिस आयुक्तालय सुरू झालं. इंटर्नशिपला चाकण किंवा हिंजवडीला जाणाऱ्यांनी हे नीट ऐका : चाकणला स्वतःची नगरपरिषद, हिंजवडीला ग्रामपंचायत, म्हणजे कचऱ्यासाठी ‘सारथी’ तिथे चालणार नाही. पण दोन्हीकडची पोलिस ठाणी याच आयुक्तालयात येतात. मोबाइल चोरीला गेला तर ‘हे आमच्या हद्दीत नाही’ ऐकायला लागू नये म्हणून एवढं माहीत हवंच. तातडीच्या मदतीला अर्थात ११२, तिथे हद्द आधी शोधत बसू नका.

बसचं तेवढं सोपं आहे. दोन्ही शहरांच्या बससेवा २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली, त्यामुळे निगडीहून कात्रजला जाताना हद्दीचा प्रश्न येत नाही. मेट्रोही पिंपरीहून थेट स्वारगेटला जाते. आणि लोणावळा लोकल आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी असं सगळं शहर शिवत जाते. महिनाअखेरीला खिशात काही उरलं नसेल तर तीच बरी.