तिकिटाचा हिशेब आणि मुलाचे कुतूहल

मुंबईच्या फोर्ट विभागातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सुट्टीच्या दिवशी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. दूरच्या उपनगरातून आलेले एखादे कुटुंब प्राण्यांच्या दालनात शिरते. पाच-सहा वर्षांचे मूल वाघाच्या काचेला नाक टेकवून उभे राहते व तेथून हलावयास तयार नसते. आईचे लक्ष घड्याळाकडे, वडिलांचे पुढील दालनाकडे. 'चल लवकर, अजून वरचे मजले राहिलेत,' असे म्हणत मुलाचा हात ओढला जातो. पंढरीच्या रांगेतून पुढे सरकावे तसे सारे संग्रहालय तासाभरात 'उरकते'. परतीच्या गाडीत मूल पेंगते आणि वडील खर्चाची बेरीज करतात.

वडिलांना दोष देणे अन्यायाचे होईल. पगारातून गाडीभाडे, प्रवेशशुल्क व खाणे यांसाठी बाजूला काढलेली रक्कम पुरेपूर वसूल व्हावी, ही मध्यमवर्गीय काटकसर रास्तच आहे. चूक आहे ती हिशेबाच्या रीतीत. एकदा झालेला खर्च चार दालने अधिक पाहिल्याने परत मिळत नाही. शिवाय घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम भाकरीइतकाच कुतूहलालाही लागू पडतो. लहान मुलाला पहिली काच आनंद देते, दहावी थकवा आणते आणि विसाव्या काचेपाशी ते रडू लागते. त्याचे जे काही पदरात पडायचे ते पहिल्या दोन-तीन काचांपाशीच पडते. आणि नेमक्या तेथूनच त्याला ओढून नेले जाते.

त्या काचेपाशी काय घडत असते? मूल विचारते, 'हा खरा आहे का? मग हलत का नाही? याच्या पोटात काय आहे?' 'वाघ आहे, बघ,' एवढे उत्तर वडीलधाऱ्यांना पुरेसे वाटते. परंतु नाव कळणे म्हणजे वस्तू कळणे नव्हे. वाघ मेलेला आहे, कातडे खरे आहे, डोळे मात्र काचेचे आहेत आणि आत केवळ आकार देणारा साचा आहे, हे सत्य मुलाला सांगण्यास काहीच हरकत नाही. मृत्यूचा प्रश्न मुलाने शांतपणे विचारावा व त्याला शांतपणे उत्तर मिळावे, अशा जागा आपल्या घरांत तरी कितीशा असतात?

प्राण्यामागे त्याचे रान उभे करून दाखविण्याच्या पद्धतीलाही इतिहास आहे. १८९०च्या सुमारास कार्ल एकली याने अमेरिकेतील मिलवॉकी येथील संग्रहालयात पाणथळीतील उंदरांसारख्या प्राण्यांचा असा देखावा रचला. प्राणी ही सुटी वस्तू नसून एखाद्या जागेचा रहिवासी आहे, हे पाहणाऱ्याला उमजावे हा त्यामागील विचार. मुंबईतील संग्रहही १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने समृद्ध झाला. वाघ, गवा, धनेश, रोहित पक्षी तेथे अशाच देखाव्यांतून भेटतात. तेव्हा थबकून पाहणारे मूल वेळ दवडत नाही. रचणाऱ्याला अभिप्रेत असलेला प्रेक्षक तेच होय.

प्रश्न केवळ पालकांचा नाही, सार्वजनिक धोरणाचाही आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने १९८७ साली प्रवेशशुल्क सुरू केले. २००१च्या डिसेंबरात ते पुन्हा रद्द झाले आणि प्रेक्षकांची संख्या मोठ्या प्रमाणात वाढली. येथे संख्येहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. दाराशी पैसे मोजावे लागत नसले, की अर्ध्या तासात बाहेर पडताना तोटा झाल्यासारखे वाटत नाही. उरलेले पुढच्या खेपेस पाहता येते. संग्रहालय हे वर्षातून एकदा करावयाच्या यात्रेऐवजी वाचनालयासारखे होते. मुलांना वारंवार अल्प दरात किंवा विनामूल्य प्रवेश, त्यांच्या उंचीला येतील अशा सोप्या मराठीतील पाट्या आणि काचेसमोर बसण्यास एक बाक, यांना फार मोठे भांडवल लागत नाही.

अशा संस्थांची हेळसांड किती महाग पडते, याचे उदाहरण दिल्लीत आहे. राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय ५ जून १९७८ रोजी, पर्यावरणदिनी, सुरू झाले. मुलांनी वस्तू हाताळून शिकावे अशी सोय तेथे होती. परंतु जवळजवळ चार दशके ते स्वतःच्या वास्तूविना दुसऱ्या संस्थेच्या इमारतीतच राहिले आणि २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत भस्मसात झाले. भिंती पुन्हा बांधता येतील. वर्षानुवर्षे जमविलेले नमुने बाजारातून विकत आणता येत नाहीत.

तालुक्याच्या गावी असे संग्रहालय नाही, ही सबब मात्र शिक्षकाने पुढे करू नये. सापाची कात, शंखशिंपले, नाना तऱ्हेच्या बिया, झाडाखाली गळून पडलेले सुगरणीचे घरटे, एवढ्यावर वर्गातील एक फळी भरू शकते. अट एकच. मूल तिच्यापुढे उभे असताना कोणी 'चल पुढे' म्हणू नये.

संग्रहालयातून परतलेल्या मुलाला 'काय काय पाहिलेस?' असे विचारले आणि त्याने 'वाघाचे डोळे काचेचे असतात,' एवढेच सांगितले, तर पैसे वाया गेले असे वडिलांनी समजू नये. त्या दिवसाची खरी वसुली तीच होय.