कारंजी कोणाच्या खात्यात?

पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानाचा पसारा १२४ हेक्टरांचा, म्हणजे तीनशे एकरांहून अधिक. म्हैसूरजवळच्या ज्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर ते आखलं गेलं, ती बाग साधारण साठ एकरांची. मूळ नमुन्याच्या पाचपट मोठं उद्यान, तेही मराठवाड्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात, ही कल्पना मांडणाऱ्यांची जिद्द दांडगी होती. पण पाचपट जमीन म्हणजे पाचपट गवत, पाचपट पाइप आणि माळीही पाचपट, आणि हे सगळं दर वर्षी लागणार. उद्यानाची पुढची सगळी कहाणी या ‘दर वर्षी’भोवती फिरते.

हद्दीच्या हिशेबात पैठण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतं. जालन्याहून अंबड आणि पाचोडमार्गे ते ऐंशी किलोमीटरच्या आसपास. जालना जिल्हाच मुळी १ मे १९८१ रोजी मुख्यतः जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला. त्याआधी पैठण आणि अंबड एकाच जिल्ह्याचे तालुके होते. त्यामुळे जालना, अंबड, घनसावंगी भागातल्या कित्येक शाळांची सहल ठरलेली असे. वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की आणि शेवटी पैठण. तिथे आधी नाथांच्या समाधीचं दर्शन, मग धरणाची भिंत, आणि अंधार पडता पडता उद्यानातली कारंजी. ज्या मुलांनी गावात पाणी फक्त हंड्यात आणि टँकरच्या नळीतच पाहिलेलं, त्यांच्यासमोर ते लाल-हिरव्या उजेडात गाण्याच्या तालावर उसळायचं. ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. आपल्या मुलांना घेऊन ती पैठणला गेली, तेव्हा अनेकांच्या वाट्याला कोरडे हौद, तुटलेल्या फरशा आणि वाटेवर आलेल्या वेड्या बाभळी आल्या. ‘काय होतं अन् काय झालं’ हे वाक्य या उद्यानाविषयी मराठवाड्यात गेली कित्येक वर्षं ऐकू येतं. त्यातली चीड खरी आहे, कारण ती प्रेमातून आलेली आहे.

उद्यान ज्या जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी आहे, त्याची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, मागे नाथसागर जलाशय. धरणामागे शंकरराव चव्हाणांचा दीर्घ पाठपुरावा होता. निजामाच्या राजवटीतून उशिरा सुटलेल्या, रस्ते आणि सिंचन या दोन्हींत मागे राहिलेल्या या प्रदेशाला जायकवाडीने पहिल्यांदा आपलं म्हणावं असं काही भव्य दिलं. उद्यान हा त्या अभिमानाचा सजवलेला दर्शनी भाग होता. म्हणून त्याची पडझड लोकांना एखाद्या बागेच्या पडझडीहून जास्त लागते.

संगीत कारंजं बंद का पडतं, हे नीट पाहण्यासारखं आहे. लांबून ते जादूसारखं दिसलं तरी आत पंप, व्हॉल्व्ह, नोझल, पाण्याखालचे दिवे, केबल आणि नियंत्रणाचं पॅनेल असा सगळा विजेचा आणि लोखंडाचा संसार असतो. नोझलचं तोंड बारीक. पाण्यातले क्षार त्यात साचले, शेवाळ अडकलं की धार वाकडी होते, मग खाली बसते. हौदातली पातळी उतरल्यावरही पंप चालू राहिला तर तो कोरडा फिरतो आणि मोटारीचं वायंडिंग जळतं. पाण्याखालच्या दिव्याचं रबरी सील दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकलं की पाणी आत शिरतं, आणि एका दिव्यामुळे अख्खी रांग बंद करावी लागते. यातली कोणतीही गोष्ट दुरुस्त करायला अवघड नाही. नोझल उतरवून आम्लात बुडवून साफ करता येतं, सील बदलता येतं, मोटार भरून आणता येते. अट एवढीच की ते काम करणारा माणूस नेमलेला हवा, त्याच्या कपाटात सुटे भाग हवेत आणि ते विकत घेण्यासाठी कोणाच्या सहीची सहा महिने वाट पाहावी लागता कामा नये. आठवडाभर बंद राहिलेलं कारंजं आठवड्यात सुरू होतं. वर्षभर बंद राहिलं की केबल उंदीर कुरतडतात, तांब्याच्या तारा चोरीला जातात आणि दुरुस्तीचा विषय ‘नूतनीकरणा’चा होतो. नूतनीकरण म्हटलं की अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, निविदा, ठेकेदार आणि फीत. हजारांत होणारं काम कोटींत जातं.

निसर्गानेही दया दाखवली नाही. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं. पैठणच्या सखल वस्त्यांत गोदावरी शिरली आणि धरणाखालच्या उद्यानालाही तडाखा बसला. त्यानंतर उलटी पाळी आली. २०१२-१३च्या दुष्काळात नाथसागर मृतसाठ्यावर आला, २०१६च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. माणसाला प्यायला पाणी नसताना कारंजी उडवा, असं कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण कारंज्याचं पाणी हौदातच फिरत राहतं. जातं ते बाष्पीभवनाने आणि गळतीने. दुष्काळात कारंजं थांबवणं समजण्यासारखं आहे. पाऊस भरपूर झाला, धरण काठोकाठ भरलं, २७ दरवाजे उघडले, तरी पायथ्याची कारंजी गप्प राहिली, तर त्याला दुष्काळाचं कारण देता येत नाही.

मग कारण काय? उद्यान बांधलं पाटबंधारे खात्याने आणि सांभाळायचंही त्याच खात्याने, आजच्या भाषेत जलसंपदा विभागाने. या खात्याचा अभियंता धरणाचे दरवाजे, कालव्यांची आवर्तनं आणि सांडव्याचा विसर्ग यांच्यासाठी शिकलेला. गुलाबाची छाटणी आणि मुलांचे झोपाळे त्याच्या कामाच्या यादीत सगळ्यात खाली. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण दरवाजा अडकला तर चौकशी बसते, झोपाळा तुटला तर फक्त एक पाटी लागते. मराठवाड्यातल्या बहुतेक मोठ्या सार्वजनिक कामांची हीच गत. बांधायला पैसा मिळतो, कारण बांधणाऱ्याचं नाव कोनशिलेवर येतं. राखायला मिळत नाही, कारण राखणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा उद्यानाबाहेर, जालना जिल्ह्याच्या शेतांतून वाहतो. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके ओलांडून तो परभणीकडे जातो. त्याच्या अस्तरीकरणाला तडे गेले, वितरिकांत गाळ आणि झुडपं साचली, चाऱ्यांची दारं मोडली. ‘टेलला पाणी पोचत नाही’ ही तक्रार या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी वर्षानुवर्षं आहे. संध्याकाळी कारंजी पाहायला आलेला आणि ऊस-मोसंबीसाठी आवर्तनाची वाट पाहणारा, दोघांचं गाऱ्हाणं एकच. दोघांनाही वरून पाणी आहे असं सांगितलं जातं, पण ते पाणी आणणाऱ्या लोखंडाकडे आणि सिमेंटकडे वेळेवर कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून उद्यानाची कुरकुर ही चैनीची मागणी समजून बाजूला सारणं चूक ठरेल. शेतकऱ्याची निकड मोठी आहे यात वादच नाही. पण रोग एकच असल्यामुळे औषधही एकच लागेल.

पैशांची कमतरता हे कारण दर वेळी पुढे येतं. जगातल्या अतिशय श्रीमंत करमणूक कंपन्यांपैकी एकीचं उदाहरण इथे बोलकं आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या अॅनिमल किंगडम उद्यानात २००६ मध्ये एक्स्पिडिशन एव्हरेस्ट ही हिमालयातल्या आगगाडीच्या रूपातली रोलर कोस्टर सुरू झाली. तिच्या शेवटी दोन मजल्यांएवढा यंत्रचलित यती प्रवाशांवर झेप घेई. काही महिन्यांतच त्याची हालचाल थांबली. तेव्हापासून पुतळ्यावर लुकलुकता प्रकाश टाकून तो हलत असल्याचा भास उभा केला जातो. चाहत्यांनी त्याचं नाव ‘डिस्को यती’ ठेवलं. आकर्षणाचे रचनाकार जो रोड यांनी २०१३ मध्ये यतीला पुन्हा हलतं करण्याचं जाहीर वचन दिलं. पुढे ते निवृत्त झाले, तरी यती जागचा हलला नव्हता. तिजोरी भरलेली असूनही देखभाल मागे पडते, कारण बंद यतीमुळे तिकिटं कमी विकली जात नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये हा दुर्लक्षाचा धागा जीवघेणा ठरला. नव्वदच्या दशकात तिथे देखभालीच्या खर्चाला कात्री लागली. उडालेला रंग आणि विझलेले दिवे यांच्यावर नेहमीचे प्रेक्षक संतापून बोलत होते. ५ सप्टेंबर २००३ रोजी बिग थंडर माउंटन ही गाडी रुळावरून घसरली आणि एका तरुणाचा जीव गेला. चौकशीत सदोष देखभाल हे कारण पुढे आलं. रंग उडाल्याची तक्रार करणारे लोक क्षुल्लक गोष्टींवर रडत नव्हते, हे त्या दिवशी कळलं. २००५च्या सुवर्णमहोत्सवापूर्वी त्या बागेची कसून डागडुजी झाली. आपल्या शेजारी, अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी, १४ जुलै २०१९ रोजी लंबकासारखा झोके घेणारा पाळणा मधूनच तुटला. दोघे दगावले, पंचविसांहून अधिक जखमी झाले. पुन्हा तेच, न पाहिलेलं, झिजलेलं लोखंड.

अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्र यात्रेत किंवा राजूरच्या गणपतीला पाळणेवाले येतात, तेव्हा त्यांचा आकाशपाळणा ट्रकमधून सुटा होऊन उतरतो. प्रत्येक नट हाताने आवळला जातो आणि यात्रा संपली की हातानेच सोडला जातो. त्यामुळे पाळणा सुरक्षितच असतो असं नाही. यात्रांतही अपघात झाले आहेत आणि परवानगीआधीची तपासणी कडकच हवी. पण निदान वर्षातून अनेकदा माणसाची नजर त्या लोखंडावरून फिरते. कायमच्या उद्यानातला झोपाळा एकदा काँक्रीटमध्ये रोवला की त्याच्या बुडाशी किती गंज चढला, हे पाहायला कोणी वाकत नाही.

जालन्याने मात्र राखण्याचं काम करून दाखवलेलं आहे. निजामकाळात १९३१च्या सुमारास बेझनजी फरेदूनजी जालनावाला यांनी शहरासाठी घाणेवाडीचा तलाव उभा केला. त्यातलं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरात येई. दशकं लोटली, तलाव गाळाने भरत गेला आणि शहर टँकरवर आलं. तेव्हा इथल्या उद्योजकांनी आणि नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच स्थापन केला, वर्गणी गोळा केली, पोकलेन लावले आणि उन्हाळ्यामागून उन्हाळे गाळ उपसला. नवा तलाव बांधण्यापेक्षा जुना राखणं या लोकांनी महत्त्वाचं मानलं. २०१३ मध्ये जायकवाडीचं पाणी पाइपलाइनने जालन्यात आलं, तरी घाणेवाडी सोडून द्यावी असं त्यांना वाटलं नाही.

पैठणच्या उद्यानाला पुन्हा उभं करण्याच्या घोषणा वारंवार झाल्या आहेत, पुढेही होतील. त्या कामाच्या निविदेत बांधकामाइतकंच ठळकपणे पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचं कलम असायला हवं. तिकिटाचं आणि पार्किंगचं उत्पन्न त्याच उद्यानाच्या वेगळ्या खात्यात जमा व्हावं, विजेच्या आणि पंपांच्या कामासाठी कायमचा माणूस असावा, झोपाळ्यांची वर्षातून दोनदा त्रयस्थ तपासणी व्हावी. आणि दारावर एक फलक असावा. डिस्नेलँड आपल्या पाहुण्यांना कोणतं आकर्षण कधी दुरुस्तीसाठी बंद राहणार हे आगाऊ जाहीर करतं. पैठणच्या फलकावर खडूने लिहिलं तरी चालेल: कोणतं कारंजं बंद आहे, कोणत्या तारखेपासून, काय बिघडलंय, कोण दुरुस्त करणार आणि कधी सुरू होणार. परतूरहून पोरांना एसटीने घेऊन निघणाऱ्या शिक्षकाला निदान निघण्याआधी फोन करून तेवढं तरी विचारता येईल.