विपळाची टिकटिक

भोर तालुक्यात, नसरापूरच्या बनेश्वराच्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणल्या आणि आपल्या देवांना वाहिल्या. त्यांतलीच ही एक. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं, म्हणजे घंटा देवळापेक्षा सहासष्ट वर्षांनी मोठी. ज्या धातूनं कधी वसईतल्या ख्रिस्ती माणसांना प्रार्थनेची वेळ सांगितली, तो आता महादेवासमोर वाजतो.

मला त्या घंटेवरचा आकडा फार ओढून नेतो. १६८३ साली लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर थॉमस टॉम्पियन नावाचा एक माणूस खिशात मावणारी घड्याळं घडवत होता. बेडफर्डशायरमधल्या एका खेड्यातल्या लोहाराचा मुलगा. बापाच्या भट्टीवर नाल आणि नांगराचे फाळ, आणि मुलाच्या हाताखाली केसाएवढ्या जाडीच्या पोलादी आसावर फिरणारी चाकं! इंग्रजी घड्याळाच्या कारागिरीचा जनक त्यालाच मानतात. १७१३ साली तो वारला तेव्हा त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. पुढे १७५१ मध्ये त्याचा शिष्य आणि पुतणीचा नवरा जॉर्ज ग्रॅहम गेला, तर त्यालाही त्याच कबरीत जागा दिली. राजेरजवाड्यांच्या त्या दफनभूमीत गुरुशिष्य एका दगडाखाली झोपलेत, आणि दोघंही घड्याळजी.

टॉम्पियनच्या आधी खिशातलं घड्याळ नव्हतं असं नाही. सोन्याचं होतं, मिन्याचं होतं, रत्नं जडवलेलं होतं. फक्त ते वेळ नीट सांगत नव्हतं. दिवसात पाव-अर्ध्या तासाचा फरक सहज पडायचा, म्हणून बहुतेक घड्याळांना एकच काटा असे, तासाचा. मिनिटाचा काटा लावून करायचं काय? मग १६७५ साल उजाडलं. रायगडावरच्या राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या वर्षी हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं आणि लंडनच्या रॉबर्ट हूकनं, एकमेकांशी भांडत, एकच गोष्ट जगापुढे मांडली: घड्याळाच्या डुलणाऱ्या चाकाला एक नाजूक, गुंडाळलेली स्प्रिंग जोडायची. चाक एका बाजूला झुकलं की ती त्याला परत ओढते, दुसऱ्या बाजूला गेलं की पुन्हा परत. झोका लहान असो की मोठा, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो. हूकसाठी असं घड्याळ टॉम्पियननं बनवलं आणि ते राजा दुसऱ्या चार्ल्सला दाखवलं. हा तोच चार्ल्स, ज्याला लग्नात मुंबई आंदण मिळाली होती आणि ज्यानं १६६८ मध्ये ती वर्षाला सोन्यात दहा पौंड एवढ्या खंडानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली होती. ही दहा पौंडांची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. त्याच राजासमोर मिनिटाचा हिशेब ठेवणारं घड्याळ आलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता वेल्ह्याकडे वळू. तिथला राजगड सुमारे पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी होता. त्या काळी आपल्याकडे वेळ मोजायची ती घटिकापात्रानं. पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू वर येतं, वाटी भरते आणि बुडते. एक घटका झाली, म्हणजे आजची २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून साठ घटका. लग्नात अजूनही जोशीबुवा घटिका बसवतात ती हीच. पण त्या भोकाचं माप कसं ठरवत? जुने ज्योतिषग्रंथ सांगतात: ठरावीक वजनाचं सोनं घ्या, त्याची चार अंगुळं लांब सुई करा, ती जाईल एवढं भोक पाडा. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो. सोन्याचं ठरावीक वजन आणि ठरावीक लांबी म्हटली की जाडी आपोआप ठरते, आणि सोनं गंजत नाही म्हणून ती बदलत नाही. वेळेच्या मापाचं माप सोन्याचं होतं.

आणि शब्द बघा. घटिकेवरून घटका, त्याच कुळातलं घड्याळ. ‘तास’ हा शब्द फारसीतल्या पेल्यावरून, थाळीवरून आला; काशाच्या थाळीवर टोले पडायचे, त्या थाळीलाच आपण तास म्हणायचो, मग टोल्यांमधल्या काळालाही तेच नाव पडलं. मनगटावरचं यंत्र कितीही नवं असो, मराठीत त्याचं नाव घेतलं की वाटी आणि थाळी वाजतेच.

घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. पळ २४ सेकंदांचं, विपळ ०.४ सेकंदाचं. विपळ मोजायला आपल्याकडे साधन नव्हतं, ते गणितातच राहिलं. आता एखादं चांगलं इंग्रजी लिव्हर घड्याळ (लिव्हरची गोष्ट पुढे येते) कानाशी धरा. एकोणिसाव्या शतकातल्या अशा अनेक घड्याळांचं चाक तासाला १८,००० ठोके देतं, सेकंदाला पाच. एक ठोका ०.२ सेकंदाचा. म्हणजे एक ‘टिक’ आणि एक ‘टिक’ मिळून नेमकं एक विपळ! पळात १२० ठोके, घटकेत ७,२००. लंडनच्या कारागिराला आपलं विपळ माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण बाबिलोनच्या लोकांनी साठाच्या पटीत मोजायची जी सवय लावली, ती तिकडे तास-मिनिट होऊन राहिली आणि इकडे घटका-पळ. आणि पोलादाच्या त्या चाकात दोन्ही हिशेब येऊन जुळले. पूर्ण दिवसाचे ठोके मोजले तर ४,३२,००० भरतात. पंचांगात कलियुगाची वर्षंही तेवढीच सांगितलेली आहेत.

आत काय चालतं ते पाहायचं तर मागचं सोन्याचं झाकण उघडावं लागेल. किल्ली दिली की एक मोठी स्प्रिंग गुंडाळली जाते. सगळी ताकद तिची. पण नुकती गुंडाळलेली स्प्रिंग जोरात ओढते आणि सैल होत आली की मरगळते, त्यामुळे घड्याळ सकाळी पुढे पळेल आणि रात्री मागे पडेल. यावर उपाय असा की त्याहून सुंदर उपाय मी यंत्रविद्येत पाहिलेला नाही. स्प्रिंगच्या डबीशेजारी एक शंकू बसवलेला असतो, त्याला फ्यूझी म्हणतात. आकार अगदी भोवऱ्याचा, आणि त्याच्यावर जाळीसारखी गुंडाळलेली एक साखळी. स्प्रिंग ताजी असते तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाला ओढते, तिथे तिचा जोर कमी पोहोचतो. स्प्रिंग थकत जाते तशी साखळी रुंद भागाकडे सरकते, तिथे थोड्या जोरातही काम होतं. पुढच्या चाकांना मिळणारी ओढ दिवसभर सारखी. विहिरीवरच्या रहाटाचा मोठा आणि लहान घेर ज्यानं हातानं अनुभवला आहे, त्याला हे क्षणात कळेल.

ती साखळी मात्र डोळ्यांना सहज दिसत नाही. वीतभर लांबी, जाडी मंगळसूत्राच्या बारीक सरीहूनही कमी, आणि रचना सायकलच्या साखळीसारखी: पोलादाचे शेकडो पत्रे, प्रत्येकाला दोन भोकं, प्रत्येक भोकात खिळा. १७९० च्या सुमारापासून ही साखळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गावात मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. करणाऱ्या होत्या बायका आणि लहान मुली, त्यांत अनाथाश्रमासारख्या गरीबगृहातल्या मुलीही. मंद उजेडात खिळे ठोकता ठोकता त्यांची नजर जायची. घड्याळाच्या तबकडीवर लंडनच्या मालकाचं नाव झोकदार अक्षरांत असतं. साखळी करणाऱ्या मुलीचं नाव कुठेच नाही. सोन्याचं घड्याळ हातात घेणाऱ्यानं ते झाकण उघडून निदान एकदा तिची साखळी बघावी, असं मला फार वाटतं.

दुसरं नवल माणकांचं. राजगडाच्या दरवाजात उभं राहून पाहिलं तर दगडात गोल खळगे दिसतात. दाराचे लाकडी खुंट त्यांत बसून फिरायचे. घड्याळाचे आसही असेच खळग्यांत फिरतात, फक्त खळगा माणकाचा असतो. निकोलस फाशियो आणि त्याच्या साथीदारांनी लंडनमध्ये १७०४ साली माणकाला आरपार भोक पाडून आस त्यात बसवण्याचं पेटंट घेतलं. घासून झिजू नये, तेल टिकावं, म्हणून माणिक. शोभेसाठी नव्हे; ते आत, अंधारात, कुणाला न दिसता काम करतं.

आणि मग थॉमस मज, ग्रॅहमचा शिष्य, म्हणजे टॉम्पियनच्या घराण्यातलाच. आधीच्या घड्याळांत डुलणारं चाक सतत दुसऱ्या भागाशी घासत राहायचं. मजनं अठराव्या शतकाच्या मध्याला मध्ये एक छोटा दांडा घातला, लिव्हर. तो क्षणभर चाकाला ढकलतो आणि बाजूला होतो; बाकीचा वेळ चाक मोकळं. इंग्लंडच्या राणी शार्लोटसाठी १७७० च्या सुमारास त्यानं असं सोन्याचं घड्याळ बनवलं. आपल्या घरांतल्या आजोबांची एचएमटी जनता आठवते का, रोज सकाळी अंघोळीनंतर किल्ली दिली जाणारी? तिच्यात मजचाच लिव्हर आहे, रूप स्विस असलं तरी. आणि तिचे ठोकेही तासाला १८,०००. विपळ त्या स्टीलच्या डबीतही वाजतं.

सोन्याबद्दल बोलायचं राहिलंच. इंग्लंडमध्ये १७९८ पर्यंत सोन्याची घड्याळं २२ कॅरेटची असत, म्हणजे आपल्या बांगड्यांच्या सोन्याची. त्या वर्षी कायद्यानं १८ कॅरेटला परवानगी मिळाली, आणि झाकणाच्या आत मुकुट आणि १८ हा आकडा उमटू लागला. शेजारी बिबट्याचं तोंड म्हणजे तपासणी लंडनमध्ये झाली. १८२१ पर्यंत त्या बिबट्याच्या डोक्यावरही मुकुट असे, पुढे तो गेला. एक अक्षर असतं, ते वर्ष सांगतं. ही तपासणी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये व्हायची, १४७८ पासून. त्या हॉलचा शिक्का तो हॉलमार्क. आज आपल्याकडे सराफाच्या दुकानात आजीही विचारते, ‘हॉलमार्कचं आहे ना?’ तिच्या तोंडी लंडनच्या एका दिवाणखान्याचं नाव असतं.

ही घड्याळं आपल्याकडे आली ती मुंबईच्या वाटेनं. जेम्स मॅककेब या लंडनच्या पेढीचा माल हिंदुस्थानात पुष्कळ यायचा. ती पेढी उत्तम घड्याळावर पूर्ण नाव घाली, मधल्या दर्जाच्या घड्याळावर नुसतं ‘मॅककेब’, आणि साध्यावर ‘बील्बी’. खरेदीदाराला अक्षरांतच प्रत कळायची. दुसरी पेढी लंड अँड ब्लॉक्ली. लंडनच्या पॉल मॉलवर दुकान, मुंबईतही शाखा, म्हणून तिच्या खिशातल्या घड्याळांवर ‘लंडन’बरोबर ‘बॉम्बे’ही लिहिलेलं सापडतं. मुंबईच्या राजाबाई टॉवरचं घड्याळ याच पेढीचं. टॉवरचं काम १८६९ ला सुरू झालं आणि १८७८ ला संपलं. भोरच्या पंतसचिवांचा राजवाडाही १८६९ चाच. लंड अँड ब्लॉक्लीचं यंत्र मुंबईत मनोऱ्यावर टोले देत होतं आणि कुणाच्या बंडीच्या खिशात साखळीला लटकून हळूच चालत होतं.

पण त्या खिशातलं घड्याळ लावायचं कोणत्या वेळेवर? हा प्रश्न तेव्हा खरा होता. प्रत्येक गावाचा मध्यान्ह वेगळा. रेल्वे मद्रासची वेळ पाळायची, मुंबई आपली स्वतःची. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक. १८८० च्या दशकात सरकारनं मुंबईवर मद्रासची वेळ लादू पाहिली तेव्हा शहर इतकं चिडलं की ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून होता.

भोरचा हिशेब मी करून पाहिला. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, भोर ७३.८५ अंशांच्या आसपास. फरक ८.६५ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं. वर्षभराची सरासरी धरली तर भोरच्या राजवाड्यावर सूर्य माथ्यावर येतो तो आपल्या मोबाइलवर १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असताना. वेल्ह्यात तोरणा किल्ल्याच्या माथ्यावर आणखी मिनिटभरानं. तिथल्या सूर्यावर लावलेलं जुनं इंग्रजी घड्याळ आज कुणी तशाच वेळेवर किल्ली देऊन चालू केलं, तर त्याचे दोन्ही काटे बारावर जुळतील तेव्हा बालेकिल्ल्याच्या भिंतीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण रेषेत पडलेली असेल, आणि खिशातला मोबाइल सरासरी पस्तीस-छत्तीस मिनिटं पुढे असेल.